राखीव गड्यांचे कैवारी

आमच्या साडूंइतका बदली माणसावर जीव टाकणारा मनुष्य सबंध अमिरातीत, आणि माझ्या मते अमिरातीबाहेरही, दुसरा सापडायचा नाही. जगातल्या बाकी लोकांना मोठमोठ्या खेळाडूंची नावं पाठ असतात. साडूंना पाठ असतं ते वेगळंच. त्या मोठ्या खेळाडूचा पाय मुरगळला, खांदा निखळला किंवा ऐन वेळी पोट बिघडलं तेव्हा त्याच्या जागी कोण उतरला, त्यानं टोपी कशी घातली होती आणि पहिला चेंडू हातातून सुटला की पकडला गेला, हे ते डोळे मिटून सांगतील. विमानात बसल्यावर वैमानिक ऐन वेळी बदललाय असं कळलं तर तुम्हीआम्ही खुर्चीचे हात घट्ट धरू. साडू टाळ्या वाजवतील आणि उतरताना त्याच्याशी हात मिळवायला सगळी रांग खोळंबून ठेवतील.

नात्यानं ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. मूळचे अमरावतीचे. दुबईत एवढी वर्षं काढली, हाताखाली चार देशांची माणसं सांभाळली, पण त्यांच्या बोलीला वाळवंटाचा वारा लागलेला नाही. दोन वाक्यांत एखादं अरबी 'यल्ला', म्हणजे चला, किंवा 'खलास' येतं तेवढंच, बाकी सगळी अस्सल वऱ्हाडी. मला ते 'साडभाऊ' म्हणतात, मी त्यांना 'भाऊसाहेब' म्हणतो. ते राहायचे अल कुसैसला आणि आम्ही सिलिकॉन ओएसिसला, म्हणजे गाडीनं फार लांब नाही. पण ते आमच्याकडं यायला निघाले की वाटेत कुठल्या तरी पेट्रोल पंपावर एखादा नवा, घाबरलेला पोरगा टाकी भरताना दिसायचा, आणि त्याला धीर देण्यात ताईंच्या हातातली पुरणपोळी गार व्हायची.

साडूंचा खेळ बेसबॉल. मराठी माणसानं या खेळाच्या नादी का लागावं, हे मी त्यांना पहिल्याच भेटीत विचारलं होतं. ते म्हणाले, "कॉलेजात क्रिकेटच्या टीममध्ये जागा नव्हती." पुढं कळलं की बेसबॉलच्या टीममध्येही नव्हतीच. ते राखीव कॅचर होते. कॅचर म्हणजे बॅटवाल्याच्या मागं उकिडवा बसून चेंडू पकडणारा गडी. मुख्य कॅचरची प्रकृती बैलासारखी, त्याला त्या सगळ्या वर्षांत साधी शिंक आली नाही. त्यामुळं साडू हा खेळ जवळजवळ पूर्णपणे बाकावर बसून शिकले, आणि त्यांच्या मते शिकायची खरी जागा तीच. "मैदानात माणसाले फक्त आपला बॉल दिसते, साडभाऊ. बाकावरून सारं गाव दिसते."

अमेरिकेतले सामने आमच्याकडं पहाटे दिसतात. एकदा मी त्यांच्याकडं मुक्कामाला होतो आणि अजान व्हायच्या सुमाराला बैठकीच्या खोलीतून मोठ्यानं ओरडण्याचा आवाज आला. धावत गेलो. टीव्हीवर कुणी तरी बडा खेळाडू गुडघा धरून आडवा पडला होता, सगळं मैदान त्याच्याभोवती गोळा झालं होतं, आणि साडू सोफ्यावर उभं राहून कॅमेरावाल्याला शिव्या देत होते. "अरे, बाकाकडं फिरव ना कॅमेरा! कोण उठून राह्यला ते दाखव!" मी म्हटलं, भाऊसाहेब, त्या बिचाऱ्याचा गुडघा गेलाय. ते म्हणाले, "त्याच्यापाशी डॉक्टर आहे, नर्स आहे, वीस हजार लोकं रडून राह्यले. आता जो उठला त्याच्यापाशी कोण आहे?" मग तो उठलेला मनुष्य दिसला. जाकिटाची चेन अडकली होती, ती ओढत तो मैदानात येत होता. साडू खाली बसले, हात जोडले, आणि अगदी हळू म्हणाले, "हाव बाप्पा. सावकाश. चेन निघते."

ही कळकळ खेळापुरती असती तर ताईंचा संसार थोडा सुखाचा झाला असता. पण साडूंना जगात सगळीकडं राखीव गडीच दिसायचे. त्यांच्या इमारतीखालचा केरळी न्हावी सुट्टीवर गेला आणि त्याच्या जागी त्याचा भाचा आला. नेहमीची गिऱ्हाइकं दारातून डोकावायची, खुर्चीमागचा चेहरा नवा बघितला की फोन कानाला लावून परत फिरायची. साडूंना केस कापायची गरज नव्हती. तरी ते मुद्दाम जाऊन बसले. त्याच आठवड्यात शारजात एका लग्नाचं रिसेप्शन होतं. साडूंचा उजवा कल्ला कानाच्या वर संपला होता आणि डावा जबड्यापर्यंत उतरला होता. ताई म्हणाल्या, "फोटो काढताना एका बाजूनं उभे राहा म्हणजे झालं." साडूंवर काही परिणाम नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पहिल्या कल्ल्याले पोट्ट्याचा हात थरथर कापून राह्यला होता. दुसऱ्याले थांबला. अर्ध्या डोक्यात एवढी प्रगती म्हणजे लय झाली."

कॅफेटेरियातल्या करक, म्हणजे कडक दुधाळ, चहाचंही तसंच. चहावाला गावी गेला की बदली माणसाचा चहा पहिले काही दिवस पाकासारखा गोड होतो, हे आम्ही सगळ्यांनी अनुभवलं होतं. त्याचं कारण मात्र साडूंनी शोधलं. "ती भीतीची साखर असते. माणूस घाबरला की साखर जास्त टाकते. भीती गेली की चहा जमते." ती भीती जाईपर्यंत ते दिवसातून तीनदा तिथं जाऊन तो पाक पीत, आणि डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली की तपासणी पुढं ढकलत. त्यांची न्यायबुद्धी अशी की स्वतःलाही त्यांनी यातून सोडलं नाही. ताई एकदा आईच्या आजारपणासाठी नाशिकला गेल्या, तेव्हा स्वयंपाकघरात ताईंच्या जागी ते स्वतः उतरले. पहिल्या दिवशी भात केला, दुसऱ्या दिवशी वरण केलं, तिसऱ्या दिवशी आमच्याकडं जेवायला आले. म्हणाले, "गड्याले पूर्ण संधी दिली. पण गड्याच्या अंगात कला नाही."

माझ्या मुलीच्या शाळेत स्नेहसंमेलनाचा नाच होता. ती नाचात राखीव होती, म्हणजे कुणी आजारी पडली तर हिनं उभं राहायचं. कुणी आजारी पडली नाही. कार्यक्रम संपल्यावर सगळे पालक आपापल्या चमकत्या पोरींना फुलं देत होते, आणि आमची एका कोपऱ्यात घुंगरू सोडत बसली होती. साडू सगळ्यात मोठा गुच्छ घेऊन तिच्यापुढं उभे राहिले. ती म्हणाली, "बट काका, आय डिडन्ट ईव्हन परफॉर्म!" साडू म्हणाले, "म्हणूनच तं, बाई! नाचून मोकळं होणं सोपं असते. घुंगरू बांधून पडद्यामागं बसणं, अन् दुसरीचा नाच चांगला व्हावा म्हणून मनातल्या मनात मोजत राहणं, हे येऱ्यागबाळ्याचं काम नाही." पोरीला त्यातलं मराठी कितपत कळलं कोण जाणे, पण गुच्छ तिनं रात्री उशाशी घेतला होता.

या सगळ्याचं मूळ बहुधा त्यांच्या नोकरीत असावं. जबल अलीच्या एका गोदामात ते आले तेच मुळी रजेवर गेलेल्या माणसाच्या जागी, थोड्या दिवसांसाठी. तो माणूस गोदामातला तारा होता. कुठला माल कुठल्या फळीवर आहे हे तो न बघता सांगायचा म्हणे. साडू काहीही करायला गेले की कुणी तरी म्हणायचं, "वो होते तो ऐसा नहीं करते थे." खुर्चीच्या पाठीवर त्याचं जाकीट तसंच होतं. फोनवर लोक साडूंना त्याच्याच नावानं हाक मारायचे आणि साडू 'हां, बोलिए' म्हणायचे. तो माणूस परत आलाच नाही, तिकडंच कुठं तरी स्थायिक झाला. साडू निवृत्त होईपर्यंत त्याच खुर्चीवर राहिले. पण ताई सांगतात की ते जाकीट त्यांनी कितीतरी वर्षं काढलं नाही. धुऊन परत लावायचे.

तर या गृहस्थांनी अल कुसैसमध्ये बेसबॉलची टीम काढली होती. टीम म्हणजे बंदरात, गोदामांत, गॅरेजात काम करणारी माणसं. बरेचसे फिलिपिनो, थोडे आपल्याकडचे, एखाद-दुसरा नेपाळी. गोदामांच्या मागं वाळूचं एक मोकळं मैदान होतं. हिवाळ्यात दर रविवारी सकाळी तिथं खेळ. माझं काम गाडीच्या डिकीत बर्फ आणि पाणी आणायचं आणि कुणी विचारलं तर मॅनेजर आहे असं सांगायचं. टीम इतर टीमकडून नियमानं हरत असे, पण हिवाळ्याच्या शेवटी होणाऱ्या स्पर्धेत त्या वर्षी पहिल्यांदाच आम्ही अंतिम सामन्यापर्यंत जाऊ अशी चिन्हं दिसत होती. आणि त्याचं कारण एकच, जोएल.

जोएल आमचा पिचर, म्हणजे बॅटवाल्याकडं चेंडू फेकणारा. फिलिपाइन्सचा, बंदरावर क्रेनच्या दुरुस्तीला होता. अंगानं किरकोळ, चेहऱ्यावर कायम हसू, आणि हातातून चेंडू असा सुटायचा की मागं बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये तो फटाक्यासारखा वाजायचा. जोएल चेंडू टाकायला उभा राहिला की मैदानाबाहेर गाड्या थांबायच्या. टीममधली सगळी पोरं त्याच्यासारखी टोपी घालायची, त्याच्यासारखं थुंकायची. साडूंचंही त्याच्यावर प्रेम होतं. पण ते कधी तोंडानं बोलायचे नाहीत. "त्याले सांगायले दुनिया आहे," एवढंच म्हणायचे.

उपांत्य सामना आम्ही जिंकलो आणि त्याच सामन्याच्या शेवटी जोएलचा खांदा गेला. चेंडू सुटला, बॅटवाला बाद झाला, सगळे नाचायला लागले, आणि जोएल तिथंच उभा राहिला, उजवा हात डाव्या हातात धरून. हसतच होता, पण डोळ्यांतून पाणी येत होतं. "नो प्रॉब्लेम, सर," म्हणाला. दवाखान्यात डॉक्टरांनी खांदा बघितला आणि म्हणाले की पुढचे कितीतरी महिने चेंडूला हात लावायचा नाही. अंतिम सामना थोड्याच आठवड्यांवर आला होता.

दुसऱ्या रविवारी मैदानावर जणू सुतक होतं. एकटे साडू सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन वाळूत फेऱ्या मारत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते दुःख नव्हतं. ज्या क्षणासाठी हा माणूस जन्मला होता तो क्षण आला होता. आता राखीव गडी शोधायचा होता.

पहिली परीक्षा माझीच झाली. मी फेकलेला पहिला चेंडू बॅटवाल्यापर्यंत पोचला नाही आणि दुसरा त्याच्या मागच्या कुंपणापलीकडं गेला. साडू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "साडभाऊ, तुमचं बर्फाचं काम लय चांगलं आहे." मग एका व्यायामशाळेतला मिसरी, म्हणजे इजिप्तचा, पहिलवान आला. त्याचे दंड माझ्या मांडीएवढे. त्याचा चेंडू भयंकर वेगानं जायचा, फक्त कुठं जाईल हे त्यालाही माहीत नसायचं. तो 'इन्शाल्ला' म्हणून सोडायचा. असाच सोडलेला एक चेंडू साडूंच्या गाडीच्या काचेतून आत गेला. साडूंनी आत वाकून चेंडू काढला, काच झटकली आणि म्हणाले, "जोर पाहा लेकाचा!" पण निवड केली नाही.

इम्तियाज आला तो माझ्या ओळखीनं. रत्नागिरीकडचा, अल कुसैसमध्ये मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर असायचा. टेनिस चेंडूच्या क्रिकेटमध्ये तो वेगवान गोलंदाज म्हणून प्रसिद्ध होता. पण बेसबॉलमध्ये हात कोपरातून वाकवून फेकावं लागतं, आणि क्रिकेटमध्ये तेच महापाप. इम्तियाज धावत आला की हात आपोआप काठीसारखा सरळ व्हायचा आणि चेंडू बॅटवाल्याच्या पायाशी टप्पा घ्यायचा. साडू ओरडायचे, "कोपर वाकव!" इम्तियाज रडकुंडीला आला. "कोचसाब, लहानपणापास्नं सगळे सांगत आले, कोपर वाकवू नको, फेकी होईल. आता तुमी सांगता वाकव. मला नाय जमत." साडू त्याच्याजवळ जाऊन वाळूत बसले. म्हणाले, "गावाले कैऱ्या कशा पाडत होता?" "दगड मारून." "दगड मारताना कोपर सरळ होतं?" इम्तियाजनं विचार केला. "ते वेगळं, कोचसाब. ते चोरीचं काम." साडू उठून उभे राहिले. "मंग आता चोरी कर! बागेचा मालक झोपला आहे असं समज!" इम्तियाजनं एकदा मागं वळून बघितलं, जणू खरंच कुणी येतंय की काय, आणि चेंडू असा हाणला की कॅचर ग्लोव्हसकट मागं बसला.

पण एक चेंडू फेकणं वेगळं आणि सामना वेगळा. पुढच्या रविवारी सरावाचा सामना झाला आणि इम्तियाजनं त्यात जी दाणादाण उडवली ती बघवत नव्हती. बेसबॉलमध्ये चार चेंडू बाहेर टाकले की बॅटवाला फुकटात पहिल्या बेसवर जातो. इम्तियाजनं निम्म्या विरोधी टीमला असं फुकट फिरवून आणलं, आणि एकाच्या बरगडीत चेंडू मारला. शेवटी चेंडू हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. आमच्यातल्याच कुणी तरी बाकावरून ओरडलं, "जोएल को बुलाओ, एक हाथ से भी अच्छा डालेगा!" इम्तियाजनं ते ऐकलं. खांद्याला पट्टा लावून बाकावर बसलेल्या जोएलनंही ऐकलं. तो हसला.

सामना संपल्यावर टीमची बैठक बसली. माझ्या ऑफिसातला एक तरुण सहकारी आमच्यात खेळायचा. पुण्याचा, हुशार, आकडेवारीचा माणूस. त्यानं लॅपटॉप उघडून दाखवलं की जोएलच्या तुलनेत इम्तियाजचा परफॉर्मन्स इतका खाली आहे की फायनलला काही चान्स नाही. शारजाच्या एका टीमचा पिचर पैसे घेऊन एका सामन्यासाठी येतो, त्याला आणू या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. इम्तियाज थोडा लांब उभा राहून बुटातली वाळू काढत होता, एकच बूट पुन्हा पुन्हा.

साडू शांतपणे म्हणाले, "तुम्ही त्याले जोएलसंग काऊन मोजता?"

"मग कुणाशी मोजायचं, सर?" सहकारी म्हणाला.

"जोएल तं अथी नाही. जोएल नसताना त्या जागी काय असते? काहीच नसते. खाली जागा असते. त्या खाली जागेसंग मोजा. आज त्यानं जेवढे लोकं आउट केले तेवढे सारे त्या पोट्ट्याची कमाई आहे. तो आला नसता तं एकही झाला नसता."

"पण सर, शारजावाला असेल तर..."

"शारजावाला येईन, बॉल टाकन, पैसे घेईन, जाईन. तो बदली नाही, तो भाड्याचा आहे. बदली म्हणजे ज्याले आपण हरलो तं झोप येत नाही." मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून लॅपटॉपवर ठेवली. त्यांना एवढं रागावलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आवाज मात्र तितकाच खाली होता. "इम्तियाज खेळणार नसन, तं मी पण येत नाही. टीम तुमची. यल्ला, ठरवा."

शेवटी जोएल उठला. डाव्या हातानं त्यानं चेंडू उचलला आणि इम्तियाजजवळ जाऊन, चेंडूवर बोटं कशी ठेवायची ते दाखवायला लागला. बैठक तिथंच संपली.

त्यानंतरचे दिवस ते दोघं कामावरून सुटले की मैदानावर यायचे. जोएल फेकू शकत नव्हता, तो फक्त बोटं दाखवायचा. वेगात टाकतोय असं वाटावं आणि चेंडू मात्र रेंगाळत यावा, अशी एक युक्ती त्यानं आयुष्यभर जपून ठेवली होती, ती त्यानं इम्तियाजला दिली. साडू कॅचरच्या जागी उकिडवे बसायचे. गुडघे कुरकुर वाजायचे, उठताना दोघांना त्यांना हात द्यावा लागायचा. ताई मला फोनवर म्हणाल्या, "घरी येऊन आयोडेक्स लावून घेतात आणि हसत बसतात. यांना इतकं सुखात मी आमच्या लग्नातही बघितलं नव्हतं."

अंतिम सामन्याच्या सकाळी हवा छान होती. आमची टीम, त्यांच्या बायका, मुलं, इम्तियाजच्या दुकानातले झाडून सगळे, आणि तो केरळी न्हाव्याचा भाचासुद्धा आला होता. जोएल खांद्याला पट्टा लावून बाकावर साडूंच्या शेजारी बसला. इम्तियाज सुरुवातीला अडखळला, पण मग त्याला लय सापडली. एकेक बॅटवाला हवेत बॅट फिरवून परत जायला लागला. प्रत्येक वेळी जोएल डाव्या हातानं मांडीवर थाप मारायचा. लोकांना चेव चढला. इम्तियाजच्या नावाचा गजर सुरू झाला. सामना अर्ध्यावर गेला असेल आणि मागून कुणी तरी आनंदानं ओरडलं, "जोएल से भी भारी है ये तो!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जोएलनंही वाजवल्या, म्हणजे चांगला हात मांडीवर आपटला. मग थोड्या वेळानं "पाणी आणतो" अशी खूण करून तो उठला. पाण्याचा डबा माझ्या पायाशीच होता.

माझ्या हे काही लक्षात आलं नाही. मी सामना बघत होतो. शेवटच्या इनिंगमध्ये आम्ही एका धावेनं पुढं होतो. त्यांचे दोन गडी बाद झाले होते, तिसरा बाद झाला की सामना संपणार होता, पण तीनही बेसवर त्यांची माणसं उभी होती, आणि बॅट घेऊन त्यांचा सगळ्यात धिप्पाड खेळाडू आला. एक फटका बसला तर खलास. अशा वेळी साडूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "साडभाऊ, तुम्ही पाहा जरा." आणि ते पार्किंगच्या दिशेनं चालायला लागले. मला वाटलं, ताण सहन होत नसेल, वयाचा माणूस आहे.

त्यानंतर काय झालं ते आमच्या टीममधला प्रत्येक जण आपापल्या परीनं सांगतो. इम्तियाजनं दोन चेंडू असे टाकले की धिप्पाड गडी चुकला. पुढचे तीन बाहेर गेले. आता आणखी एक बाहेर गेला तर धाव फुकट, आणि एक चुकला तर सामना आमचा. इम्तियाजनं घाम पुसला. बाकाकडं बघितलं. तिथं साडू नव्हते, जोएल नव्हता, मी एकटाच बर्फाचा डबा धरून उभा होतो. त्यानं नजर काढली, हात मागं नेला, कोपर वाकवलं आणि सारी ताकद लावल्यासारखं फेकलं. चेंडू मात्र रमतगमत निघाला. धिप्पाड गड्यानं बॅट फिरवली तेव्हा चेंडू अजून वाटेतच होता. बॅट फिरली, गडी स्वतःभोवती फिरून खाली बसला, आणि मग चेंडू अगदी सावकाश, पाहुणा घरात यावा तसा, कॅचरच्या ग्लोव्हमध्ये येऊन पडला.

इम्तियाजला पोरांनी उचललं. तो वरून ओरडत होता, "कोचसाब कुठं आहेत? कोचसाबना बोलवा रे!" मी पार्किंगकडं पळालो.

साडूंची गाडी उन्हात उभी होती. काचा वर, एसी चालू. पुढच्या सीटवर जोएल बसला होता आणि ड्रायव्हरच्या जागी साडू. दोघंही समोर बघत होते. समोर एका गोदामाची पत्र्याची भिंत होती, बाकी काही नाही. जोएलचा चेहरा ओला होता आणि साडूंच्या हातात बाटलीचं झाकण होतं, बाटली जोएलच्या हातात. ज्याची या माणसानं सगळा जन्म वाट बघितली, तो राखीव गड्याचा शेवटचा चेंडू टाकला जात असताना ते इथं बसले होते.

मी काचेवर टकटक केली. साडूंनी काच खाली केली. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"जिंकलो, भाऊसाहेब."

त्यांनी आधी जोएलकडं बघितलं. जोएलनं डोळे पुसले, आरशात बघून टोपी सरळ केली आणि दार उघडून उतरला. मैदानाकडं चालत गेला. लांबून मी बघितलं, इम्तियाज पोरांच्या खांद्यावरून उडी मारून खाली आला आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली, दुखरा खांदा सांभाळत. साडू गाडीतच होते. त्यांनी सीट थोडी मागं केली आणि म्हणाले, "हं. आता सांगा. कोणता बॉल होता? पहिल्यापासून सांगा, घाई करू नका."

मी उघड्या खिडकीत कोपर टेकून सगळं सांगितलं. गाडीत जोएलशी काय बोललात, असं मी त्यांना नंतर विचारलं होतं. ते म्हणाले, "काय बोलणार, बाप्पा? बसलो." एवढंच.

जोएलचा खांदा पुढं बरा झाला, पण तो फटाक्यासारखा आवाज काही परत आला नाही. आणखी एक हिवाळा तो पहिल्या बेसवर खेळला, नवीन पोरांना शिकवलं, आणि मग बायकामुलांकडं मायदेशी गेला. त्याला सोडायला विमानतळावर सबंध टीममधून साडू आणि इम्तियाज दोघंच गेले होते. इम्तियाज अजून खेळतो. आता बाकावर बसलेल्या पोरांना त्याच्यासारखी टोपी घालायची असते.

साडूही निवृत्त होऊन अमरावतीला गेले. गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. ताई म्हणतात, हल्ली ते शांत झालेत, अंगणात खुर्ची टाकून बसतात, टीव्ही फारसा बघत नाहीत. रविवारी सकाळी मात्र त्यांचा फोन येतो. आधी पोरीची चौकशी, मग इथल्या उन्हाची. मग म्हणतात, "साडभाऊ, तो शेवटचा बॉल सांगा ना."

मी सांगतो. आता मला तो पाठ झालाय, शिवाय दर वेळी मी थोडी भरही घालतो. चेंडू आणखी सावकाश येतो, धिप्पाड गडी आणखी उशिरा बसतो. ते मध्ये कुठंही अडवत नाहीत. सांगून संपतं. पलीकडून अंगणातल्या चिमण्यांचा आवाज येत राहतो, आणि आम्ही दोघंही फोन ठेवत नाही.